पाणी आणि सांडपाण्याच्या कामांसाठी पैसा उभा करायचा कोणी? पणजी, पुणे, मुंबई

मळावासी

आमच्या घरापुढचा रस्ता मलनिस्सारण वाहिनीसाठी एका उन्हाळ्यात खोदला आणि चेंबरची पातळी चुकली म्हणून पुढच्या उन्हाळ्यात परत खोदला. मधल्या पावसाळ्यात आईला दवाखान्यात न्यायचं तर फळ्यांवरून हाताला धरून मुख्य रस्त्यापर्यंत चालवत न्यावं लागे. तरीही काम व्हायलाच हवं होतं. मळा हा पणजीचा सखल भाग आहे. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकाच वेळी आले की गटाराचं पाणी मागे फिरतं आणि न्हाणीघराच्या जाळीतून वर येतं. ते ज्यानं एकदा पुसून काढलंय त्याला वाहिनी का हवी हे वेगळं सांगावं लागत नाही.

धागा काढतोय तो पैशाबद्दल विचारायला.

ऑगस्ट २०१९ आठवतो? खांडेपारजवळ महामार्गाचं रुंदीकरण चालू होतं तिथे ओपाच्या जलशुद्धीकरण प्रकल्पाच्या जलवाहिन्या फुटल्या आणि फोंडा आणि तिसवाडी (पणजीचा तालुका) इथले नळ कित्येक दिवस कोरडे पडले. चतुर्थी पंधरा दिवसांवर आली होती. शेजारच्या जुन्या घरातल्या विहिरीत वर्षानुवर्षं कोणी डोकावलं नव्हतं, तिच्यावर घागरींची रांग लागली. ओपाचा प्रकल्प पोर्तुगीज काळातला. त्याच्यावर राजधानी किती अवलंबून आहे ते मला त्या आठवड्यात समजलं.

पर्यायी वाहिनी, जास्तीच्या टाक्या, जुन्या नळांची बदली, सगळ्याला पैसा लागतो आणि तो आला नाही असंही नाही. २००७ साली जपानकडून पाणीपुरवठा आणि मलनिस्सारणासाठी सुमारे २,२८० कोटी येनचं कर्ज मिळालं. २०१५ मध्ये शहरांच्या पाणी-सांडपाण्यासाठी केंद्राची अमृत योजना आली, २०१९ मध्ये जल जीवन मिशन. ऑगस्ट २०२२ मध्ये 'हर घर जल' म्हणून प्रमाणित झालेलं गोवा हे देशातलं पहिलं राज्य. नळ आले. पण त्या नळांत रोज पाणी राहायचं तर पंप चालले पाहिजेत, विजेचं बिल भरलं पाहिजे, क्लोरीन पाहिजे, रात्रपाळीची माणसं पाहिजेत. हा खर्च अनुदानातून एकदाच भागत नाही, दर महिन्याला समोर उभा राहतो.

कर्ज मिळवणं मला तितकं अवघड वाटत नाही. आपल्याकडे पाण्याची वेगळी वही नाही, ही खरी अडचण. बिलातून आलेला रुपया पुन्हा त्याच वाहिनीसाठी खर्च होतो की सरकारी तिजोरीत मिसळून जातो, हे गोव्यातल्या कुठल्याही ग्राहकाला दिसत नाही. ज्यांना या हिशोबातलं कळतं त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जमाखर्च

मळावासी, वहीचा मुद्दा पटला. माझं काम हिशोब तपासण्याचं, म्हणून त्याच बाजूने लिहितो.

पुणे महापालिकेनं जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे रोखे काढले, म्हणजे गुंतवणूकदारांकडून ठरलेल्या व्याजानं कर्ज घेतलं. मुदत १० वर्षं, व्याज ७.५९ टक्के, नोंदणी मुंबई शेअर बाजारात. मागणी साधारण सहा पट आली. टप्प्याटप्प्याने २,२६४ कोटी उभारायचा बेत होता. २०० कोटींवर वर्षाचं व्याज होतं १५ कोटी १८ लाख. एवढी रक्कम दरवर्षी न चुकता देईल असा भरवसा लोकांनी पालिकेवर ठेवला, कारण पालिकेकडे स्वतःचा मिळकतकर आहे. रोखे काढताना त्यातलं उत्पन्न एका राखीव खात्याला बांधलं जातं. आधी व्याज आणि परतफेडीचा वाटा बाजूला निघतो, उरलेलं पालिकेला मिळतं. अहमदाबादनं १९९८ साली पाणी आणि मलनिस्सारणासाठी १०० कोटी उभारले तेव्हाही राज्य सरकारची हमी नव्हती. त्यांनी जकातीचं उत्पन्न असंच बांधून दिलं होतं.

आता पणजीकडे बघा. महानगरपालिका आहे, पण ती पाणी विकत नाही. पाणी राज्य सरकार पुरवतं, बिलाचे पैसे राज्याकडे जातात. मलनिस्सारणाच्या कामांसाठी २००१ सालापासून वेगळं महामंडळ आहे. रस्ता तिसऱ्याच्या ताब्यात. गुंतवणूकदार विचारणार की व्याज कुठल्या पैशातून देणार, आणि त्याच्यासमोर ठेवायला पालिकेकडे पाण्याच्या बिलाचा एक रुपया नाही.

म्हणून पुण्याची नक्कल इथे चालणार नाही. मला जवळचं वाटतं ते तमिळनाडूचं उदाहरण. तिथे २००२-०३ च्या सुमारास १३ छोट्या शहरांनी एकत्र येऊन एका सामाईक निधीमार्फत ३० कोटी ४१ लाखांचे रोखे काढले. एकेकट्या नगरपालिकेला बाजारात कोणी उभं केलं नसतं. एकत्र आल्या, वर परतफेडीची अर्धी हमी मिळाली, आणि १५ वर्षांच्या मुदतीचं कर्ज मिळालं. गोव्यात पणजी सोडली तर नगरपालिका तेराच आहेत. म्हापसा, मडगाव, फोंडा, डिचोली यांनी वेगवेगळं हात पसरण्यापेक्षा पाणी-सांडपाण्याचं एकच खातं का असू नये?

केंद्राचं प्रोत्साहनही आहे. अमृत योजनेखाली दर १०० कोटींच्या रोख्यांमागे १३ कोटी, जास्तीत जास्त २६ कोटी. व्याजाचा भार त्यानं बराच हलका होतो.

पर्वरीची

वही वगैरे ठीक आहे, पण आमच्याकडे मे महिन्यात नळाला पाणीच येत नाही त्याचं काय? तिळारीचा कालवा दुरुस्तीला बंद झाला की आमच्या इमारतीत टँकर सुरू. मागच्या वर्षी सोसायटीच्या खर्चात सगळ्यात मोठा आकडा टँकरचा होता, लिफ्टच्या दुरुस्तीपेक्षाही मोठा. म्हणजे पाण्यासाठी पैसे आम्ही देतोच आहोत, फक्त ते सरकारी खात्यात न जाता टँकरवाल्याकडे जातात.

१ सप्टेंबर २०२१ पासून महिन्याला १६ हजार लिटरपर्यंत पाणी मोफत देण्याची योजना सुरू झाली तेव्हा माझ्या सासूबाईंना फार आनंद झाला होता. मी त्यांना म्हटलं, आई, दिवसाला पाचशे लिटरच्या वर होतात हे, पण आधी येऊ तर देत. ज्याच्या दारात नळ चालतो त्याला माफी मिळाली आणि ज्याच्या दारात टँकर येतो त्याला काहीच नाही. मला मोफत नको. मीटर बसवा, रोज पाणी द्या, बिल पाठवा. टँकरपेक्षा ते स्वस्तच पडेल.

चावीवाला

मी मूळचा डिचोलीचा, नोकरीची तीस वर्षं एका मोठ्या शहराच्या पाणीपुरवठ्यात काढली, आता गावी परतलोय. नाव चावीवाला घेतलंय कारण सुरुवातीला माझं काम चावीवाल्यांबरोबर पहाटे व्हॉल्व्ह फिरवत हिंडण्याचं होतं.

जमाखर्च यांनी सांगितलेल्या पुण्याच्या गोष्टीचा पुढचा भाग असा की रोखे निघाले, पैसे आले आणि त्यानंतर वाहिन्या-मीटरच्या कामाची निविदा रद्द करून नव्यानं काढावी लागली. काम सुरू व्हायच्या आधीच व्याज सुरू झालं. सुमारे ८० टाक्या, तीन लाखांवर मीटर आणि शेकडो किलोमीटर वाहिन्या, एवढं काम घनदाट वस्तीत करायचं म्हणजे प्रत्येक गल्लीत कोणाची तरी भिंत, कोणाचा तरी जुना नळ आडवा येतो. म्हणून पैसा उभारण्याआधी नकाशा तयार हवा. जमिनीखाली काय आहे ते ठाऊक नसलेल्या शहरात अंदाजपत्रक म्हणजे नुसता तर्क.

आता चोवीस तास पाण्याबद्दल. पुष्कळ लोकांना ती चैन वाटते. तांत्रिक बाजू समजून घ्या. पाणी दोन तास सोडून बंद केलं की नळ रिकामा होतो, आत पोकळी तयार होते आणि जिथे जिथे भेग आहे तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारी सेप्टिक टाकी पाझरत असेल तर तेही येतं. पहिली पाच मिनिटं पिवळं पाणी येतं ते यामुळे. नळ सतत दाबाखाली राहिला तर भेगेतून पाणी बाहेर जाईल, घाण आत येणार नाही. शिवाय प्रत्येक घराला जमिनीखाली साठवणीची टाकी, गच्चीवर टाकी आणि पंप लागतो तोही खर्च आपणच केलेला असतो. तो कुठल्याच अंदाजपत्रकात दिसत नाही, प्रत्येकाच्या विजेच्या बिलात दडून असतो.

आणि गळती. नव्या धरणाच्या आधी गळतीवर पैसा घाला, हे मी नोकरीत असताना प्रत्येक बैठकीत सांगितलं. शुद्ध करून, उपसून, डोंगर चढवून आणलेलं पाणी जमिनीत जातं तेव्हा त्याच्यावर झालेला सगळा खर्चही जातो. पण गळती शोधण्याच्या कामाची कोनशिला बसवता येत नाही. रात्री दोन वाजता कान लावायची काठी घेऊन माणूस फिरतो, त्याचं उद्घाटन कोण करणार?

कुर्डीची नात

इथे येन, रोखे, व्याज सगळं मांडलं जातंय. एक रक्कम कोणीच मांडलेली नाही.

माझी आजी सांगे तालुक्यातल्या कुर्डीची. मोगूबाई कुर्डीकरांचं गाव ते. साळावलीचं धरण झालं आणि गाव पाण्याखाली गेलं. माणसं वाडे, वालकिणी इथे वसवली. दर मे महिन्यात पाणी उतरतं तेव्हा गाव वर येतं आणि लोक सोमेश्वराच्या उत्सवाला जमतात. मी लहानपणापासून जाते. जोती दिसतात, झाडांचे खुंट दिसतात. आजी एका जोत्यावर बसून सांगायची, ही आमची ओसरी.

त्या धरणाचं पाणी आज दक्षिण गोव्याला मिळतं. मिळू दे. आजीनंही कधी त्याला नाव ठेवलं नाही. पण गाव उठवताना नळाचं पाणी देऊ म्हणून सांगितलेलं, आणि पुनर्वसनाच्या ठिकाणी तिनं कित्येक उन्हाळे टँकरची वाट पाहिली. तेव्हा तुमच्या त्या वेगळ्या वहीत एक खातं धरणाच्या वरच्या गावांसाठी असावं. शहरातल्या प्रत्येक बिलातला ठरलेला हिस्सा तिकडच्या विहिरी, झरे आणि नळांवर खर्च व्हावा. हे उपकार म्हणून मागत नाही, पाण्याच्या किमतीतच ते धरलेलं असावं.

सत्तरीकर

कुर्डीची नात यांना पूर्ण अनुमोदन. आमच्याकडे म्हादई नदीच्या पाणीवाटपाचा वाद इतकी वर्षं चाललाय. ऑगस्ट २०१८ च्या लवादाच्या निवाड्यात गोव्याला २४ टीएमसी (अब्ज घनफूट), कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ असं वाटप झालं. ओपाला येणारी खांडेपार नदी याच खोऱ्यातली. नदीच आटली तर तुमचे रोखे फेडणार कशाने? म्हादईच्या खोऱ्यातलं आमच्या सत्तरीतलं रान राखणं हा पाणीपुरवठ्याचाच खर्च आहे.

टोंकाकडचा

पाण्यावर बरंच बोलणं झालं, सांडपाणी मागे राहिलं. ते नेहमीच मागे राहतं.

पणजीतल्या टोंकच्या सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पाची जुनी क्षमता दिवसाला १२.५ दशलक्ष लिटर होती, नंतर ती वाढवली. पण क्षमता वाढवून भागत नाही, घरं जोडली पाहिजेत. सांतिनेजच्या खाडीच्या काठाने कधीही चालत जा, वास सांगेल किती घरं जोडलेली नाहीत. मडगावला साळ नदीची तीच कथा. आणि जोडणी न घेण्यामागे लोकांची कारणं खोटी नाहीत. घरामागे सेप्टिक टाकी आहे, ती चालते आहे असं वाटतं. वाहिनी रस्त्याला पुढून जाते, संडास मागच्या बाजूला. म्हणजे अख्ख्या घराची फरशी फोडून नळ पुढे आणायचा. आमच्या वडिलांनी बसवलेल्या लाल कोब्याला हात लावायला आई तयार नव्हती, एक वर्ष गेलं तिची समजूत काढण्यात. प्लंबरचा खर्च वेगळा, आणि दर महिन्याला नवं शुल्क.

इकडे प्रकल्पाला पुरेसं सांडपाणी मिळालं नाही तरी पगार द्यायचाच, पंप चालवायचाच. शुद्धीकरण करणारे जिवाणू जगवायला रोज खाद्य लागतं, ते अर्धपोटी राहिले तर पाणीही नीट स्वच्छ होत नाही. जोडणी झाली नाही म्हणून शुल्क येत नाही, शुल्क येत नाही म्हणून देखभाल होत नाही, वास येतो म्हणून लोक जोडणी घेत नाहीत.

चेन्नईजवळच्या आलंदूरनं हे कोडं कसं सोडवलं ते वाचण्यासारखं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी त्या नगरपालिकेनं मलनिस्सारण योजनेसाठी काम सुरू व्हायच्या आधीच लोकांकडून ठेव घेतली. घरगुती जोडणीला ५,००० रुपये, व्यापारी जोडणीला १०,०००. नगराध्यक्ष आणि कर्मचारी वस्त्यावस्त्यांत फिरले, सभा घेतल्या, ठेव वेगळ्या खात्यात ठेवली. ज्यांनी पाच हजार आधी भरले ते काम संपेपर्यंत रोज येऊन बघणार, आणि वाहिनी आली की जोडणी घेणारच. बाकीची रक्कम कर्ज आणि अनुदानातून आली. पण पहिला पैसा लोकांचा होता.

दूरदेशी

मी मडगावचा, सध्या अमेरिकेत अटलांटात. इथलं उदाहरण सांगतो, जमेल तेवढं घ्या.

पावसात या शहराच्या जुन्या गटारांतून मैला नदीत जायचा. न्यायालयाच्या देखरेखीखाली सुधारणा करण्याचं बंधन १९९८ साली आलं. खर्च अब्जावधी डॉलरचा. नुसत्या बिलातून काढला असता तर गरीब घरांचं कंबरडं मोडलं असतं. तेव्हाच्या महापौर शर्ली फ्रँकलिन यांनी २००४ मध्ये मतदारांपुढे एक टक्का विक्रीकराचा प्रस्ताव ठेवला, फक्त पाणी आणि सांडपाण्यासाठी. लोकांनी मंजूर केला आणि पुढेही मतदानानं मुदत वाढवून दिली. बिलंही वाढली, ती कोणाला चुकली नाहीत. पण बाहेरून येऊन इथे खरेदी करणाऱ्यांनीही भार उचलला. गोव्याला हे लागू पडेल असं वाटतं. २०११ च्या जनगणनेत आपण साडेचौदा लाख, आणि वर्षाला पर्यटक कोटीच्या घरात.

शेजारच्या अलाबामातल्या जेफरसन काउंटीचं मात्र उलटं झालं. गटारांसाठी तीन अब्ज डॉलरहून जास्त कर्ज, बदलत्या व्याजाचे गुंतागुंतीचे करार, त्यात लाचखोरी. २०११ मध्ये काउंटीनं दिवाळं काढलं. आमच्या ऑफिसातले एक वयस्कर गृहस्थ तिथले. ते म्हणतात, व्याजाचा करार ज्याला समजत नाही त्यानं सही करू नये.

जमाखर्च

दूरदेशी, वस्तू आणि सेवा कर आल्यानंतर इथल्या शहराला वेगळा विक्रीकर लावता येणार नाही. पण दोन वाटा मोकळ्या आहेत. हॉटेलांचा पाण्याचा आणि मलनिस्सारणाचा दर घरगुती दरापेक्षा चांगलाच वर ठेवायचा, वापर मीटरनं मोजून. दुसरं म्हणजे २००९ च्या कायद्यानं गोव्यात नव्या बांधकामावर पायाभूत सुविधा कर आहेच. टेकडीवर इमारत उभी राहते तेव्हा तिच्या नळाचा आणि मैल्याचा भार त्याच दिवशी नोंदला जातो. तो कर थेट पाण्याच्या वहीत जमा व्हावा.

येनच्या कर्जाबद्दल एक सांगायचं राहिलं. व्याज कमी असतं, मुदत लांब असते, पण परतफेड येनमध्ये. पुढच्या काही दशकांत येन महागला तर हप्ता महागतो. असं कर्ज घेऊच नये असं मी म्हणणार नाही. लांब मुदत वाहिनीच्या आयुष्याशी जुळते हे तिचं मोठं बळ. पन्नास वर्षं टिकणाऱ्या नळाचे पैसे पाच वर्षांत आजच्याच लोकांकडून वसूल करणं योग्य नाही, तसंच आज वापरलेल्या विजेचं बिल नातवाच्या डोक्यावर ठेवणंही योग्य नाही.

चावीवाला

मुंबईचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडं लिहितो. तिथे मलनिस्सारण शुल्क पाण्याच्या बिलाच्या ७० टक्के आहे, आणि पाण्याचा दर वर्षाला ८ टक्क्यांपर्यंत वाढवण्याचा निर्णय २०१२ सालीच झालेला. वाढ कमी असो, जास्त असो, दरवेळी नव्यानं भांडण नाही. वरळी, वांद्रे, धारावी, वर्सोवा, मालाड, घाटकोपर, भांडुप अशा सात ठिकाणी मिळून दिवसाला २,४६४ दशलक्ष लिटरचे नवे प्रक्रिया प्रकल्प उभे राहताहेत. स्वतःची गंगाजळी आहे म्हणून ते शक्य झालं. आपल्याला तो मार्ग नाही.

नागपूरचा मात्र आहे. तिथलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला विकलं जातं. सुरतेत पांडेसऱ्याच्या कारखान्यांना. गाझियाबादनं तर २०२१ मध्ये अशाच प्रकल्पासाठी १५० कोटींचे हरित (पर्यावरणपूरक कामांसाठीचे) रोखे काढले. गोव्यात औद्योगिक वसाहती आहेत, बांधकामं आहेत, हॉटेलांच्या हिरवळी आहेत. ओपाचं पिण्याचं पाणी हिरवळीवर मारलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मला ते सहन होत नाही.

मळावासी, तुम्हाला एक विचारतो. तुमच्या गल्लीत घरांच्या पन्हळी कुठे सोडल्यात? पुष्कळदा पागोळीचं पाणी मलनिस्सारणाच्या चेंबरला जोडलेलं असतं. जूनमध्ये त्यानंच वाहिनी तुंबते, पंपावर दुप्पट भार येतो आणि प्रकल्पात नुसतं पावसाचं पाणी जातं. वीज आपल्या पैशाची.

पर्वरीची

चावीवाला काका, आमच्या इमारतीचंही तपासते. प्लंबरला नक्की काय विचारायचं?

चावीवाला

ताई, काही विचारू नका. गच्चीच्या जाळीत बादलीभर रंगीत पाणी ओता आणि कुठल्या चेंबरमधून येतं ते बघा.

मळावासी

सगळ्यांचे मनापासून आभार. कुर्डीची नात, तुमचा हिस्स्याचा मुद्दा मी आमच्या प्रभागाच्या बैठकीत तुमच्याच शब्दांत मांडणार आहे.

रविवारी गल्लीत दारोदार फिरलो. चौदा घरं. नव्या वाहिनीला जोडलेली पाच. तीन घरांना वाहिनी सुरू झाली हेच ठाऊक नव्हतं. दोन म्हाताऱ्या बहिणींना फरशी फोडायचा खर्च झेपणार नाही, त्यांचं आम्ही गल्लीतले वर्गणी काढून करतोय.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे निळीचं पाणी आमच्याच गच्चीत ओतलं. मलनिस्सारणाच्या चेंबरमध्ये निळं आलं. वडिलांनी घर बांधलं तेव्हापासून पावसाचं पाणी तिथेच जात असणार. उद्या सकाळी प्लंबर येतोय, पन्हळ मागच्या विहिरीकडे वळवून घेतो.